अनवट रेकॉर्ड नाचत्या गर्दीपुढे कशी लावावी

१९७२ साली मनू दिबांगो हे नाव न्यूयॉर्कमध्ये फार थोड्यांना ठाऊक होते. कॅमेरूनच्या या सॅक्सोफोनवादकाची ‘सोल माकोसा’ ही रचना फ्रान्समध्ये निघाली होती, तीही एका फुटबॉल स्पर्धेसाठी केलेल्या गीताच्या मागच्या बाजूला. डेव्हिड मॅन्कुसो यांना ती तबकडी ब्रुकलिनमधील एका वेस्ट इंडियन रेकॉर्डच्या दुकानात सापडली. ब्रॉडवेवरील आपल्या राहत्या जागेत, म्हणजे ‘लॉफ्ट’मध्ये, ते १९७० पासून नृत्यरात्री भरवत असत, तेथे त्यांनी ती लावायला सुरुवात केली. ती ऐकून इतर डीजे ती शोधू लागले, फ्रँकी क्रॉकर यांनी डब्ल्यूबीएलएस या रेडिओ केंद्रावरून ती वाजवली, शहरात आलेल्या मोजक्या आयात प्रती संपल्या आणि १९७३ मध्ये ती बिलबोर्डच्या ‘हॉट १००’ यादीत ३५ व्या क्रमांकापर्यंत पोचली. नाचणाऱ्यांच्या पायांखाली ओळखीची झालेली रेकॉर्ड रेडिओपर्यंत गेली; रेडिओवरून फ्लोअरवर येण्याचा नेहमीचा क्रम येथे उलटला.

या घटनेकडे डीजेने बारकाईने पाहावे. ‘अनवट’ आणि ‘आवडती’ हे रेकॉर्डचे कायमचे गुण नसतात. एका विशिष्ट जागेत, विशिष्ट लोकांपुढे, विशिष्ट महिन्यात ती कोणत्या अवस्थेत आहे एवढेच त्या शब्दांनी कळते. म्हणून दहापैकी सात ओळखीची आणि तीन नवी अशी वाटणी ठरवून रात्र भरून काढण्यात मला फारसे हशील दिसत नाही. आज कोणालाच माहीत नसलेली रेकॉर्ड दोन महिन्यांनी याच लोकांनी मागून घ्यावी यासाठी काय काय करावे लागते, ते पुढे सांगितले आहे. हे विवेचन मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील बंदिस्त क्लबमध्ये तीन-चार तासांचा सेट करणाऱ्या डीजेला समोर ठेवून केले आहे, मग तो तबकड्या वापरत असो वा पेनड्राइव्ह.

निवड

दुर्मीळ असणे हा संगीताचा गुण नव्हे. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुन्या तबकड्यांच्या ढिगातून कोणाला ठाऊक नसलेली एखादी रेकॉर्ड हाती लागली की होणारा आनंद खरा असतो; पण तो शोधणाऱ्याचा आनंद असतो आणि नाचणाऱ्याला त्या शोधाशी देणेघेणे नसते. त्यामुळे घरी आणलेल्या प्रत्येक अनवट रेकॉर्डला काही साध्या कसोट्या लावाव्यात. पहिल्या आठ बारांत, म्हणजे बत्तीस मात्रांत, पायाला सम सापडते का, हे आधी पाहावे. त्यानंतर असा एखादा मुखडा आहे का, जो किमान तीनदा परत येतो आणि दुसऱ्यांदा आला तेव्हाच ओळखू येतो, हे पाहावे. तो गायनाचाच असावा असे नाही, बेसची चाल, ब्रासचा तुकडा किंवा हातटाळ्यांची नक्षीही ते काम करते. शेवटी ती रेकॉर्ड हळू आवाजात, दुसरे काही काम करताना लावून ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यातले काही आपोआप गुणगुणता येते का ते तपासावे. जी रेकॉर्ड तिच्यावर प्रेम करणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी आठवत नाही, ती मध्यरात्री, गोंगाटात, प्रथमच ऐकणाऱ्याच्या लक्षात राहील अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

एका रात्रीसाठी वीस अनवट रेकॉर्ड्स नेण्यापेक्षा पाच-सहाच न्याव्यात, आणि त्या तोंडपाठ असाव्यात. गायन कितव्या बारावर सुरू होते, ब्रेक (बहुतेक वाद्ये थांबून केवळ ठेका उरतो तो भाग) कोठे येतो, ब्रेकनंतर बेस परत येण्याआधी किती मात्रांचा श्वास आहे, शेवटचा भाग विरत जातो की तुटतो, हे सारे न पाहता सांगता आले पाहिजे. ओळखीच्या गाण्याची रचना गर्दीला ठाऊक असते, त्यामुळे मिसळण्यात झालेली थोडी चूक गर्दीच सावरून घेते. अनवट रेकॉर्डच्या वेळी तो आधार नसतो, आणि चूक रेकॉर्डच्या माथी मारली जाते.

आवाज, वेग आणि पट्टी

अनवट रेकॉर्डवर फ्लोअर रिकामा झाला की लोकांना समज नाही असा निष्कर्ष फार लवकर काढला जातो. माझ्या मते अशा बहुतेक प्रसंगी गाणे पडलेले नसते, आवाज पडलेला असतो. लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत बसवायचे तर खाचा अरुंद ठेवाव्या लागतात, आणि अरुंद खाचांत मोठा आवाज व खोल बेस मावत नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन यांना सात इंची कोरी तबकडी उपलब्ध नसल्यामुळे एकच गाणे मोठ्या तबकडीवर कोरून घ्यावे लागले, आणि रुंद खाचांमुळे आवाजात पडलेला फरक त्यांच्या तत्काळ ध्यानात आला. पुढे १९७६ मध्ये ‘सॅलसोल’ कंपनीने वॉल्टर गिबन्स यांनी लांबवलेले गाणे बारा इंची सिंगल म्हणून विक्रीस आणले, आणि डीजेंना त्यांच्या कामासाठीच घडवलेली तबकडी मिळाली. आपल्या हाती येणाऱ्या अनवट रेकॉर्ड्स मात्र बहुधा लाँगप्लेवरच्या असतात, किंवा अशा तबकडीवरून घरी केलेल्या डिजिटल फाइली असतात. आधुनिक ध्वनिमुद्रणाच्या पाठोपाठ तशी रेकॉर्ड जशीच्या तशी लावली तर ती खोलीच्या दुसऱ्या टोकाहून आल्यासारखी वाटते.

यावर उपाय सोपा आहे, पण तो मिसळण्यापूर्वी करायचा आहे. हेडफोनमध्ये ऐकत असतानाच मिक्सरवरील गेन वाढवून दोन्ही वाहिन्यांच्या मीटरची पातळी समान करावी. त्यानंतर बेसची कळ थोडीशीच वर न्यावी आणि बाहेर जाणाऱ्या गाण्याचा बेस पूर्ण काढून घेतल्यावरच नव्याचा बेस आत सोडावा. फाइल वापरणाऱ्याने हे काम घरीच, शांतपणे उरकून ठेवावे. बेस हवा म्हणून कळ टोकापर्यंत फिरवली तर जुन्या मुद्रणातला घरघराटही वाढतो, आणि तो मोठ्या स्पीकरवर असह्य होतो.

वेगाचा प्रश्न याहून नाजूक आहे. ड्रम मशीन रुळण्यापूर्वीच्या रेकॉर्ड्समध्ये ठेका माणसाने धरलेला असतो, आणि माणूस रंगात आला की वेग वाढतो. आरंभी मिनिटाला ११६ मात्रा असलेले गाणे शेवटाकडे ११९ वर गेलेले सहज आढळते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील पुष्कळशा हिंदी चित्रपटगीतांचेही असेच आहे, कारण ती वादकांच्या मोठ्या ताफ्याने एकत्र बसून वाजवलेली आहेत. अशा वेळी यंत्रातील सिंकवर, म्हणजे दोन गाण्यांचे वेग आपोआप जुळवणाऱ्या सोयीवर, विसंबू नये. सॉफ्टवेअरमध्ये मात्रांच्या खुणा गाण्याच्या आरंभी, ब्रेकच्या आधी आणि शेवटी अशा निदान तीन ठिकाणी हाताने बसवाव्यात, मिसळण आठ बारांत संपवावी, आणि तेवढा वेळ बोट पिचच्या पट्टीवर ठेवून वेग सांभाळावा.

टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलवर वेग आठ टक्के वर किंवा खाली नेता येतो, म्हणजे १२० मात्रांची रेकॉर्ड ११०.४ पासून १२९.६ पर्यंत हलवता येते. परंतु वेगाबरोबर स्वरही हलतो, आणि सुमारे सहा टक्क्यांवर तो एक पूर्ण अर्धस्वर सरकलेला असतो. येथे ओळखीच्या आणि अनवट रेकॉर्डमधला एक फरक डीजेच्या उपयोगी पडतो. आवडत्या गायिकेचा आवाज लोकांच्या कानांत इतका पक्का बसलेला असतो की तीन-चार टक्क्यांचा बदलही त्यांना खटकतो, जरी काय खटकले ते सांगता आले नाही तरी. अनवट रेकॉर्डचा मूळ स्वर मात्र कोणाच्याच कानांत नसल्यामुळे तिला अधिक वाकवता येते. म्हणून दोन्ही जोडताना नेहमी अनवट रेकॉर्डने ओळखीच्या गाण्याच्या वेगाकडे जावे. डिजिटल यंत्रात स्वर जागच्या जागी ठेवून वेग बदलण्याची सोय असते. पण बदल मोठा असला की तिच्यामुळे ड्रमचा आघात बोथट होतो, तेव्हा तीही जपूनच वापरावी.

ओळखीचा धागा

माणसाला अनोळखी गाणे जितके अवघड जाते, त्यापेक्षा अनोळखी ठेका फार अवघड जातो. इंग्लंडच्या उत्तर भागातील नॉर्दर्न सोल या चळवळीत याचा पुरावा सापडतो. विगन गावातील ‘विगन कॅसिनो’मध्ये १९७३ ते १९८१ या काळात रात्रभर चालणाऱ्या नृत्यसभांना जमणारी कामगार तरुणाई अमेरिकेत खपल्याही नसलेल्या साठच्या दशकातील सोल रेकॉर्ड्सवर नाचायची, तेथे रेकॉर्ड अनवट असणे हा अडथळा तर नव्हताच, उलट ती मागणी होती. पण त्या अनवट रेकॉर्ड्सचा ठेका मात्र सर्वांच्या अंगवळणी पडलेला होता: वेगवान, प्रत्येक मात्रेवर आघात देणारा. त्याच काळात ‘ब्लॅकपूल मेक्का’ या नृत्यगृहात डीजे इयन लेव्हिन आणि कॉलिन कर्टिस यांनी सत्तरच्या दशकातील नव्या, वेगळ्या ठेक्याच्या रेकॉर्ड्स लावायला घेतल्या, तेव्हा याच चळवळीतील पुष्कळ लोक संतापले. कधीही न ऐकलेली गाणी आठवड्यामागून आठवडे स्वीकारणाऱ्यांनी आक्षेप घेतला तो नव्या ठेक्यावर.

यावरून सरळ सूचना निघते. अनवट रेकॉर्ड लावताना तिच्यातील निदान एक गोष्ट आधी वाजत असलेल्या गाण्यातून पुढे चालू राहिली पाहिजे: ठेका, बेसच्या चालीचा स्वभाव, वाद्याचा पोत, किंवा स्वरांची पट्टी. एका वेळी सर्व काही बदलू नये. वेगही नवा, भाषाही नवी आणि ठेकाही नवा अशी उडी मारायची असेल तर तिच्या आधी आणि नंतर भक्कम ओळखीचे गाणे हवे, आणि तशी उडी रात्रीत एकदाच असावी.

धागा कधी अनपेक्षित ठिकाणी मिळतो. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतात वावरलेले वादक; त्यांनी १९८२ मध्ये रोलंडची टीआर-८०८ (ड्रम मशीन), टीबी-३०३ (बेसचे यंत्र) आणि ज्युपिटर-८ (सिंथेसायझर) ही यंत्रे घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. त्या वेळी ती रेकॉर्ड फारशी कोणी घेतली नाही. एका डच संग्राहकाला ती सापडली आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर जगभरच्या डीजेंनी ती हातोहात उचलली, कारण शिकागोमध्ये काही वर्षांनी ॲसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या नावाने जो आवाज जन्माला आला त्याच्याशी तिचे विलक्षण साम्य होते. युरोपातील फ्लोअरवर तिचा ओळखीचा धागा म्हणजे टीबी-३०३ चा तो पिळवटलेला बेस. आपल्याकडील फ्लोअरवर धागा निराळा आहे: यमन, भैरवी, मालकंस या रागांची वळणे नाट्यपदांतून, अभंगांतून आणि चित्रपटगीतांतून इतक्या जणांच्या कानांवर पडलेली असतात की रेकॉर्ड माहीत नसली तरी सूर घरचे वाटतात. रेकॉर्ड एकच, पण पुण्यात ती ज्या गाण्याच्या पाठोपाठ लावावी, त्याच गाण्याच्या पाठोपाठ बर्लिनमध्ये लावून चालणार नाही.

धागा मिळवण्याचे आणखी दोन मार्ग नेहमी हाताशी ठेवावेत. ज्या जुन्या रेकॉर्डमधला तुकडा उचलून पुढे प्रसिद्ध गाणे बनले, ती मूळ रेकॉर्ड आधी लावावी; तो तुकडा आला की माणसे चमकून वर पाहतात, आणि मग प्रसिद्ध गाणे लावायचे की नाही हे आपल्या हातात राहते. मी बहुधा लावत नाही, कारण त्या क्षणी मूळ रेकॉर्डचेच पारडे जड असते. दुसरा मार्ग म्हणजे प्रसिद्ध गाण्याची अनवट आवृत्ती: दुसऱ्या भाषेत गायलेली, वाद्यांवर वाजवलेली, किंवा कॅरिबियन बेटांवर स्थानिक ठेक्यात बसवलेली.

रात्रीची बांधणी

मुंबईत क्लब साधारणपणे रात्री दीड वाजता बंद होतात. उघड्यावर तर, सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस वगळता, दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, त्यामुळे गोव्याच्या किनाऱ्यावरील किंवा पुण्याबाहेरील खुल्या जागेतला सेट सूर्यास्ताच्या आधीच उभा करावा लागतो. न्यूयॉर्कच्या ‘पॅराडाइज गॅराज’ या क्लबमध्ये तेथील डीजे लॅरी लेव्हान यांना शनिवारच्या रात्रीपासून रविवार उजाडून बराच वेळ होईपर्यंत मिळत असे, तसा ऐसपैस अवकाश आपल्याला नाही. साडेनऊ ते दीड असे चार तास आणि प्रत्येक रेकॉर्ड सरासरी पाच मिनिटे धरली तर जेमतेम पन्नास रेकॉर्ड्स होतात. त्यातही पहिल्या तासाला खोली अर्धी रिकामी असते.

हा पहिला तास मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो सर्वांत वाया घालवला जातो. लोक बसलेले असतात, बोलत असतात, कोणाची वाट पाहत असतात. नाचण्याचे दडपण नसल्यामुळे ते अनोळखी संगीत तक्रार न करता ऐकतात. याच वेळेत मध्यरात्रीच्या अनवट रेकॉर्डची पेरणी करून ठेवावी. बारा इंची सिंगलच्या मागच्या बाजूला बहुधा त्याच गाण्याची वाद्यांवरची किंवा डब (गायन बहुतेक काढून बेस व ठेका पुढे आणलेली) आवृत्ती असते. साडेदहाच्या सुमारास ती बेताच्या आवाजात, लांबवर वाजू द्यावी. बेसची ती चाल लोकांच्या कानांत नकळत बसते, आणि बारा वाजून वीस मिनिटांनी तीच चाल गायनासह, पूर्ण जोराने आली की ज्यांनी हे गाणे आयुष्यात कधी ऐकलेले नाही त्यांनाही ते कोठे तरी ऐकल्यासारखे वाटते. अनवट रेकॉर्ड रात्रीच्या ऐन भरात लावण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. डब आवृत्ती मिळाली नाही तर मूळ रेकॉर्डच्या आरंभीचे गायनरहित सोळा बार फिरते ठेवून तसाच परिणाम साधता येतो.

अकरा ते बारा हा जुळवणीचा तास असतो. येथे ओळखीची गाणी आणि अनवट रेकॉर्ड्स एकमेकींत विणाव्यात. पण यांत्रिकपणे एकाआड एक लावू नयेत, कारण चाणाक्ष लोकांना तो क्रम चौथ्या गाण्यालाच कळतो आणि मग ते अनवट रेकॉर्ड सुरू होताच पाणी प्यायला निघतात. दोन-तीन सलग अनवट, त्या एकाच घराण्यातल्या वाटाव्यात अशा, आणि मग एक सर्वांना ठाऊक असलेले गाणे, असे तुकडे अधिक टिकतात. बारा ते एक या वेळेत एकही अशी रेकॉर्ड लावू नये जिची चाचणी त्या रात्री किंवा आधीच्या एखाद्या रात्री झालेली नाही. शेवटच्या अर्ध्या तासात पुन्हा मोकळीक मिळते. तोवर थांबलेले लोक आपल्या बाजूचे असतात. जयपूर-अत्रौली परंपरेतला गायक मैफलीच्या आरंभी, कान ताजे असताना अनवट राग मांडतो आणि नाट्यपद व अभंग पुढे ठेवतो. क्लबच्या रात्रीत आरंभाचा तास त्याच कामाचा आहे, फक्त येथे शेवटालाही तशी एक जागा शिल्लक राहते.

ओळखीच्या गाण्याचा मान

अनवट संगीताची आवड असलेले बरेच डीजे लोकप्रिय गाणे नाइलाजाने लावतात, आणि ते दिसते. गाणे आरंभापासून न लावता थेट मुखड्यावर टाकायचे, एक मुखडा झाला की कापायचे, वर पाहायचेही नाही. लोकांना आपल्या आवडीचा अपमान झालेला कळतो, आणि पुढच्या अनवट रेकॉर्डकडे ते त्याच नजरेने पाहतात. लोकप्रिय गाणे लावायचेच तर स्वतःला मनापासून आवडणारे निवडावे, निदान दुसऱ्या मुखड्यापर्यंत वाजू द्यावे, आणि त्याला योग्य वाट करून द्यावी. रात्रीत अशी गाणी मोजकीच असतात व प्रत्येक एकदाच वापरता येते. साडेदहाला अर्ध्या भरलेल्या खोलीत ते खर्च केले की बाराला ते हाताशी नसते.

शिवाय ओळखीचे म्हणजे नेमके कोणाच्या ओळखीचे, हे मुंबईत प्रत्येक खोलीगणिक बदलते. एकाच फ्लोअरवर नव्वदच्या दशकातील हिंदी गाण्यांवर वाढलेले, इंग्रजी पॉपवर वाढलेले आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत बेंजोवर नाचलेले लोक शेजारी उभे असतात. जे गाणे या तिघांपैकी दोघांना तरी ठाऊक आहे तेच खऱ्या अर्थाने सर्वांचे. कोळीगीत लावण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो योग्यही आहे. पण बहुतेक कोळीगीतांना तीन-तीनच्या झोकाचा ठेका असतो आणि तो हाउस या नृत्यसंगीताच्या चार मात्रांच्या ठेक्यावर बसत नाही. तेथे मिसळण्याचा अट्टहास न करता आधीचे गाणे स्वच्छ थांबवावे, एक श्वास जाऊ द्यावा आणि कोळीगीत पहिल्या आघातापासून सुरू करावे.

ओळखीच्या गाण्यालाच अनवट करता येते, ही गोष्ट गोव्यातील डीजेंनी फार पूर्वी दाखवून दिली. ऐंशीच्या दशकात हणजुणेच्या किनाऱ्यावरील रात्रींमध्ये, उष्णता आणि धूळ तबकड्यांना मानवत नसल्यामुळे, कॅसेटवर संगीत वाजवले जाई, आणि तेथील डीजे युरोपातील नृत्यसंगीताच्या ध्वनिफितींमधून गायनाचे भाग कापून केवळ वाद्यांचे पट्टे जोडत. आज हे काम संगणकावर करता येते. प्रसिद्ध गाण्याचा वाद्यभाग दोन मिनिटे लांबवून, गायन उशिरा आणले तर गर्दीला ओळखण्याचा आनंद सावकाश मिळतो, आणि त्या दोन मिनिटांच्या खाली एखादी अनवट रेकॉर्ड अलगद मिसळता येते.

फ्लोअरकडे कसे पाहावे

मध्यभागी नाचणाऱ्यांकडे पाहून निर्णय घेऊ नये. ते कशावरही नाचतात. कडेला उभे असलेले, हातात पेला घेऊन निम्मे वळलेले लोक पाहावेत. अनवट रेकॉर्ड सुरू झाल्यावर त्यांचे खांदे हलतात का, बोलणे थांबते का, हे महत्त्वाचे. १२० च्या वेगाला बत्तीस बार म्हणजे चौसष्ट सेकंद होतात. तेवढा वेळ रेकॉर्डला द्यावाच. पहिल्या वीस सेकंदांत काही माणसे निघतात, आणि त्या वेळी घाबरून ओळखीचे गाणे आणले तर आपला स्वतःचाच तिच्यावर विश्वास नव्हता हे सगळ्यांना दिसते. एकटीदुकटी माणसे जाणे स्वाभाविक आहे, आणि पेयांचा बारही चालला पाहिजे. पाच-सहा जणांचा घोळका एकदम बाहेर पडला आणि मुखडा दुसऱ्यांदा येऊनही कडेचे लोक स्थिर राहिले, तर मात्र रेकॉर्ड बदलावी. तेही घाईने नव्हे, पुढच्या ब्रेकवर.

परत परत लावणे, आणि नाव सांगणे

ओळख पुनरावृत्तीने होते, आणि म्हणून दर आठवड्याला एकाच जागी वाजवणाऱ्या डीजेला जे शक्य असते ते पाहुण्याला नसते. १९८१ मध्ये लॅरी लेव्हान यांनी ताना गार्डनर यांच्या ‘हार्टबीट’ या गाण्याचे मिक्स केले. त्याचा वेग मिनिटाला १०० मात्रांच्या आसपास, म्हणजे त्या काळच्या डिस्कोच्या मानाने फारच संथ होता, आणि पॅराडाइज गॅराजमध्ये ते प्रथम लागले तेव्हा नाचणारे फ्लोअर सोडून गेले. लेव्हान ते लावत राहिले, आणि तेच गाणे पुढे त्या जागेची ओळख बनले. ही हिंमत प्रत्येकाने करावी असे मी म्हणणार नाही. त्यांच्यापाठी वर्षानुवर्षे जोडलेली माणसे होती. पण एखादी अनवट रेकॉर्ड निवडून ती सलग चार आठवडे, साधारण त्याच वेळेला, लावण्याइतके धैर्य कोणत्याही निवासी डीजेला परवडते. तिसऱ्या आठवड्यात तिच्या पहिल्या चार मात्रांवर एखादी आरोळी ऐकू येते, आणि त्यानंतर ती रेकॉर्ड त्या खोलीची होते. विगन कॅसिनोमध्ये प्रत्येक रात्रीचा शेवट ठरलेल्या तीन गाण्यांनी होत असे. ती बाहेरच्या जगात गाजलेली नव्हती, पण त्या दालनात त्यांच्याइतके ओळखीचे काहीच नव्हते.

यासाठी रेकॉर्डचे नाव लपवू नये. नॉर्दर्न सोलच्या डीजेंनी प्रतिस्पर्ध्यांपासून शोध सुरक्षित राहावा म्हणून तबकडीवर दुसरी चिठ्ठी चिकटवून खोटे नाव सांगण्याची प्रथा पाडली होती. फ्रँक विल्सन यांची एक रेकॉर्ड एडी फॉस्टर या नावाने वाजवली जात असे, आणि तिच्या अतिदुर्मीळ प्रतींपैकी एक २००९ मध्ये पंचवीस हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये हिप-हॉपचे आद्य डीजे कूल हर्क यांनी लेबले पाण्यात भिजवून काढून टाकल्याचे प्रसिद्ध आहे. त्या काळी स्पर्धा तशी होती. आज फोन पुढे धरला की नाव कळते, आणि कळत नसेल तर आपण ते आनंदाने सांगावे. ज्याने नाव विचारले तो घरी जाऊन ती रेकॉर्ड ऐकणार, मित्रांना पाठवणार आणि पुढच्या शनिवारी तिची वाट पाहत उभा राहणार. आपले निम्मे काम तो करून आलेला असतो.

फर्माईश घेऊन येणाऱ्याशीही याच भावनेने वागावे. फोनचा पडदा समोर धरून ‘दादा, हे लावा ना’ म्हणणारा माणूस आपल्याला या खोलीतली माहिती फुकट देत असतो. त्याचे गाणे लागेलच असे वचन देऊ नये, तुच्छतेने मान फिरवू नये. त्याला ठेका आवडतो की गायिका की जुन्या काळची आठवण, हे एका प्रश्नात विचारून घ्यावे, आणि त्याच स्वभावाची आपल्याजवळची अनवट रेकॉर्ड पुढच्या पंधरा मिनिटांत लावून त्याच्याकडे एकदा पाहावे. तो नाचत असेल तर ती रेकॉर्ड कोणत्या वेळी, कोणाच्या पाठोपाठ लावली हे लगेच टिपून ठेवावे.

अशा टिपणांची एक वही प्रत्येक रात्रीनंतर भरावी: कोणती अनवट रेकॉर्ड, किती वाजता, आधी काय, नंतर काय, बत्तीस बारांनंतर कडेचे लोक काय करत होते. एकदा पडलेली रेकॉर्ड दुसऱ्यांदा वेगळ्या तासाला आणि तिसऱ्यांदा वेगळ्या शेजाऱ्यासह लावून पाहावी. तिन्ही वेळा पडली तर ती घरी ऐकण्यासाठी ठेवावी. आणि जी रेकॉर्ड आपण मेहनतीने त्या खोलीची आवडती केली, तिच्यावरची आरोळी पातळ होऊ लागली की तिलाही चार-सहा महिने पेटीबाहेर काढून तिची जागा पुढच्या अनोळखी रेकॉर्डसाठी मोकळी करावी.